जुनी मोटारसायकल घेताना: आधी कागद, मग गाडी, पैसे सगळ्यात शेवटी

२०१९ साली मी पहिली मोटारसायकल घेतली. २००८ ची हिरो होंडा स्प्लेंडर, एमएच ११ पासिंग, अठरा हजार रुपये. एका किकमध्ये सुरू झाली, आवाज गोड होता, टाकीवर साधा ओरखडाही नव्हता. मी यवतेश्वरच्या घाटात एक चक्कर मारून आलो आणि तिथेच पैसे मोजले. आरसी बुक हातात आल्यावर नाव, नंबर पाहिला आणि खिशात ठेवलं. पंधरा दिवसांनी नाव ट्रान्सफर करायला आरटीओत गेलो, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "यावर एचपी आहे." म्हणजे गाडीवर फायनान्स कंपनीचा बोजा होता. मूळ मालकाने हप्ते कधीच फेडले होते, पण एनओसी घेऊन बोजा उतरवला नव्हता. त्या कंपनीची साताऱ्यातली शाखा बंद झालेली. एनओसी मिळवायला मला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मी रोज एमआयडीसीत दुसऱ्याच्या नावावरची गाडी घेऊन जात होतो आणि पोलीस दिसले की पोटात गोळा यायचा.

त्यानंतर भाऊ, मित्र, कंपनीतली पोरं मिळून बऱ्याच जणांना जुन्या गाड्या घेताना मी सोबत गेलो आहे. दरवेळी तीच चूक होताना दिसते. माणूस आधी गाडी बघतो, गाडी आवडते आणि मग कागदातली प्रत्येक अडचण त्याला किरकोळ वाटायला लागते. म्हणून या लेखातल्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका. कागद पटले नाहीत तर गाडी बघायला जाऊच नका.

सोबत काय न्यायचं

- चांगली टॉर्च. मोबाइलची चालते, पण छोटी हातातली असेल तर टाकीत आणि सीटखाली नीट बघता येतं.
- जुनं फडकं आणि बाटलीत थोडं रॉकेल किंवा डिझेल
- फडक्यात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक
- पेन्सिल आणि पांढरी चिकटपट्टी
- प्लग पाना
- अर्धा लिटर पेट्रोल. विकणाऱ्याची गाडी बहुतेक वेळा रिझर्व्हलाच असते, मग लांब चक्कर मारता येत नाही.
- तुमचं लायसन्स आणि हेल्मेट
- ओळखीचा मिस्त्री. त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी द्या, फुकट नेऊ नका. पैसे घेऊन आलेला मिस्त्री मोकळेपणाने "घेऊ नका" म्हणतो.

१. कोणती गाडी, हे आधी ठरवा

पहिलीच गाडी असेल आणि रोज कामावर जायला हवी असेल, तर १०० ते १२५ सीसीची, गावोगाव पार्ट मिळणारी गाडी घ्या. स्प्लेंडर, पॅशन, प्लॅटिना, शाइन यांतलं काहीही. पल्सर, युनिकॉर्नही चांगल्या, पण जुनी पल्सर पोरांनी बेदम पळवलेली असण्याची शक्यता जास्त, तेव्हा जास्त बारकाईने बघा.

वर्षाचा अंदाज यायला दोन-तीन खुणा लक्षात ठेवा. हिरो आणि होंडा २०१० च्या शेवटी वेगळे झाले आणि २०११ मध्ये कंपनीचं नाव हिरो मोटोकॉर्प झालं. तेव्हा "२०१५ चं मॉडेल" म्हणून दाखवलेल्या गाडीच्या टाकीवर हिरो होंडा लिहिलेलं असेल तर टाकी तरी बदललेली आहे, नाहीतर वर्ष तरी खोटं आहे. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांना हेडलाइट बंद करायचं बटण नसतं. एप्रिल २०२० पासूनच्या गाड्या बीएस-सहा, म्हणजे धुराच्या नव्या, कडक नियमांच्या. त्यांतल्या बहुतेकांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, म्हणजे गावातल्या प्रत्येक मिस्त्रीला ती उघडता येईलच असं नाही.

आता आरएक्स १०० बद्दल, कारण हे प्रत्येक जण विचारतो. यामाहाची ती गाडी १९९६ पर्यंतच बनली. म्हणजे सगळ्यात नवी आरएक्स १०० सुद्धा तीस वर्षांच्या आसपासची आहे. खाजगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १९९६ च्या गाडीची २०११, २०१६ आणि २०२१ अशी नूतनीकरणं झालेली असायला हवीत. कितीतरी गाड्यांची एकदाही झालेली नसतात. शिवाय तीन गाड्यांचे पार्ट एकत्र करून जोडलेल्या गाड्याही भरपूर फिरतात. प्रेमापोटी घ्यायची तर घ्या, पण ती दुसरी गाडी म्हणून. जुन्या बुलेटचंही तेच. शिवाय तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो, हे सवय होईपर्यंत खरोखर धोक्याचं आहे.

२. फोनवरच विचारून घ्या

गाडी नंबर, किती साली नोंद झाली, कितवा मालक, आरसी मूळ आहे की झेरॉक्स, आणि ज्याच्या नावावर गाडी आहे तो माणूस समोर भेटेल का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "गाडी मित्राची आहे, मी त्याच्याकडून घेतली, नावावर करायची राहिली" असं उत्तर आलं तर तो मूळ मालक शोधून त्याची सही आणि ओटीपी मिळवायचं काम तुमच्या गळ्यात पडतं.

"गाडी वडिलांच्या नावावर आहे, ते वारले" हेही वारंवार ऐकू येतं. यात लपवाछपवी नसते, पण मेलेल्या माणसाच्या नावावरून गाडी थेट तुमच्या नावावर साध्या फॉर्मवर होत नाही. आधी वारसाच्या नावावर करावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. ते वारसाने करून घेऊ द्या, मग व्यवहार करा. घरातल्या दोन भावांचं पटत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

ऑनलाइन जाहिरातीत भाव फार कमी असेल, विकणारा स्वतःला लष्करातला सांगत असेल, बदली झाली म्हणून गाडी "पार्सलने पाठवतो" म्हणत असेल आणि त्याआधी थोडे पैसे मागत असेल, तर फोन ठेवून द्या. लष्कराचं ओळखपत्र पाठवून विश्वास कमावायचा, ही त्या फसवणुकीतली नेहमीची चाल आहे. आणि पैसे घेण्यासाठी कधीच क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

३. घरबसल्या कागद तपासा

एम-परिवहन अॅपमध्ये किंवा परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर गाडी नंबर टाका. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, पण नोंदणीची तारीख, नोंदणी कधीपर्यंत वैध, विमा, पीयूसी हे सगळं येतं. आरसीचा दोन्ही बाजूंचा फोटो मागवा आणि एकेक ओळ ताडून बघा.

बोजा: आरसीवर फायनान्स कंपनी, बँक किंवा पतसंस्थेचं नाव असेल तर विकणाऱ्याकडून दोन गोष्टी हव्यात, त्या संस्थेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५. "कर्ज फिटलंय हो, फक्त नाव राहिलंय" या वाक्यावर मी सात महिने घालवले आहेत. बोजा त्यांनी उतरवून द्यावा, मगच विसार. तोंडी वायदा नको.

मूळ आरसी नसेल तर: हरवली असेल, तर फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत त्यांनीच काढावी. पण कधी कधी मूळ आरसी कुणाकडे तरी गहाण पडलेली असते आणि तुम्हाला ते सांगत नाहीत. म्हणून झेरॉक्सवर सौदा करायचाच नाही.

चलान: महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान साइटवर गाडी नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे आकडे टाकले की थकीत दंड दिसतो. पुण्यात फिरलेल्या गाडीवर कधी कधी गाडीच्या निम्म्या किमतीएवढी चलानं निघतात. तो दंड विकणाऱ्याने भरायचा.

पंधरा वर्षांची मुदत: दिल्ली परिसरातल्या पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरच्या बंदीच्या बातम्या ऐकून आपल्याकडेही लोक घाबरतात. महाराष्ट्रात गाडी सुस्थितीत असेल तर फॉर्म २५ भरून पुढची पाच वर्षं मिळतात. मात्र गाडी आरटीओत नेऊन तपासून घ्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाचं शुल्क मोटारसायकलला पूर्वी तीनशे होतं, एप्रिल २०२२ पासून एक हजार झालं आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमाने वीस वर्षांपुढच्या गाडीला दोन हजार. मुदत टळली असेल तर उशिराचा दंड वेगळा. हा सगळा खर्च कागदावर मांडा आणि गाडीच्या भावातून वजा करा.

परराज्यातली गाडी: गोवा पासिंगची गाडी स्वस्त मिळते म्हणून कोल्हापूर-सिंधुदुर्गकडे बरेच जण घेतात. तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो आणि इथे आल्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. गोव्यात भाड्याने देतात त्या दुचाकींना काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. तशी गाडी पुढे खाजगीत बदलून विकली असेल तर तो बदल आरसीवर चढलेला आहे का बघा. नुसती पाटी बदललेली नको.

उच्च सुरक्षा पाटी, म्हणजे एचएसआरपी, बसवलेली आहे का तेही आताच विचारा. एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना ती शोरूममधूनच येते, त्याआधीच्या गाड्यांना नोंदवून बसवून घ्यावी लागते.

४. भेटायला जाताना सांगा: "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका"

हे एक वाक्य तुमचे हजारो रुपये वाचवतं. इंजिनचे बरेच दोष थंड असताना दिसतात आणि गरम झाल्यावर लपतात. सकाळी लवकर जा. पोचल्यावर नमस्कार-चमत्कार चालू असतानाच तळहात इंजिनच्या पंख्यांवर ठेवा. गरम लागलं तर कारण विचारा, हवं तर दुसऱ्या दिवशी परत या.

५. नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा

चेसिस नंबर बहुतेक गाड्यांत हँडलच्या मानेवर कोरलेला असतो. हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं की दिसतो. इंजिन नंबर खाली इंजिनच्या अंगावर. तिथे वर्षानुवर्षांचं ऑइल आणि माती साचून काळा थर झालेला असतो, म्हणून रॉकेल आणि फडकं.

कराडजवळच्या एका गावात मित्रासाठी पॅशन बघत होतो. गाडी छान, मालक बोलायला गोड, चहा झाला. मी मानेवर रॉकेलचा बोळा फिरवला. वरचा काळा रंग जरा जास्तच सहज निघाला. खाली आकडे दिसले, पण मधले तीन आकडे बाकीच्यांपेक्षा थोडे खोल आणि किंचित तिरके होते. त्यांच्या आजूबाजूचं लोखंड कानशीने घासल्यासारखं गुळगुळीत. बोट फिरवलं तर तिथे खळगा लागत होता. मी पांढरी चिकटपट्टी लावून वरून पेन्सिल घासली. आरटीओच्या फॉर्मवर आपण चेसिस प्रिंट लावतो, तसंच. कागदावर तर फरक जास्तच स्पष्ट उमटला. आम्ही काही न बोलता उठलो आणि निघालो. असा नंबर दिसला की भाव कमी करून घेण्याचा विचारही मनात आणू नका. ती गाडी चोरीची असू शकते आणि जप्त झाली तर पैसे कुणीच देत नाही.

दोन्ही नंबर आरसीशी एकेक अक्षर जुळले पाहिजेत. आरसीवरचा रंगही बघा. आरसीवर काळा आणि गाडी लाल असेल, तर नूतनीकरणाच्या तपासणीत अडकाल.

६. थंड इंजिन

आधी ऑइलची कांडी काढून बघा. ऑइल काळं असणं ठीक. पण ते गुळासारखं दाट आणि घट्ट लागत असेल तर सावध व्हा, कारण आवाज आणि धूर दबवायला मुद्दाम जाड ऑइल भरतात. दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय.

किक हाताने हळूहळू दाबा. मध्ये एका जागी चांगला दाब लागला पाहिजे. किक लोण्यासारखी खाली गेली तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेलेत. मग चोक ओढून गाडी सुरू करा आणि कुणाला तरी सायलेन्सरच्या मागे उभं करा.

सकाळी पहिल्या मिनिटाला थोडी पांढरी वाफ येते, ती काही नाही. सुरू होताना निळसर धुराचा एक झोत येऊन थांबला, तर व्हॉल्व्ह सील. अॅक्सिलेटर दिला की प्रत्येक वेळी निळा धूर येत असेल तर रिंगा, बोअर; म्हणजे किमान हाफ इंजिन, इंजिनचा वरचा अर्धा भाग खोलून करायचं काम. काळा धूर कार्बोरेटर किंवा एअर फिल्टरचा, तो स्वस्तात निघतो. हे सगळं फोर स्ट्रोक गाडीचं. आरएक्स १०० पेट्रोलबरोबर ऑइल जाळते, ती धूर सोडणारच.

आवाजात तीन प्रकार ओळखायला शिका. वरून हलकी, एकसारखी टकटक असेल तर टॅपेट, सेटिंगने जाते. डाव्या बाजूने खरखर, जणू डब्यात साखळी हलतेय, ती टायमिंग चेन, मध्यम खर्च. आणि खालून, पोटातून, अॅक्सिलेटरबरोबर वाढणारी जड खडखड. ती क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याची. ती ऐकू आली की तपासणी तिथेच थांबवा.

परवानगी घेऊन प्लग काढून बघता आला तर उत्तम. टोक चहाच्या रंगाचं तपकिरी असेल तर इंजिन तब्येतीत आहे. काळं आणि तेलकट असेल तर ऑइल वर येतंय.

७. सांगाडा, चाकं, टाकी

गाडी डबल स्टँडवर घ्या. पुढचं चाक उचलून धरा आणि हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे न्या. सरळ स्थितीत हँडल खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतली बेअरिंग, गेलाय. मग मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. कडकड लागली तर बेअरिंग किंवा मागच्या फोर्कचे बुश.

पुढचा ब्रेक दाबून शॉकअप चार-पाच वेळा खाली दाबा. चकचकीत दांड्यांवर तेलाची वलयं उठली तर सील गेलेत. दांडीवर गंजाचे खड्डे असतील तर नवे सीलही महिन्यात जातील.

गाडीच्या मागे दहा-बारा फुटांवर उकिडवे बसा. मागचं आणि पुढचं चाक एका रेषेत आहे का? हँडल सरळ असताना पुढचं चाक एका अंगाला जातंय का? मानेजवळ आणि सीटखाली वेल्डिंगच्या गाठी, रंगाच्या सुरकुत्या दिसतात का? अपघाताची गाडी इथेच उघडी पडते. टाकीवर फडक्यातलं चुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. झाकण उघडून टॉर्च मारा. आत तांबूस पापुद्रे असतील तर कार्बोरेटर सतत तुंबणार. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील लवकर खराब होतात, ते दाबून बघा. कडक किंवा भेगाळलेले असतील तर बदलावे लागतील.

टायरवर चार आकडी अंक असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली असली तरी सहा-सात वर्षांचं कडक झालेलं रबर पावसात घसरतं. चेनच्या मागच्या स्प्रॉकेटचे दात बघा. ते शार्कच्या पंखासारखे एका बाजूला झुकले असतील तर पूर्ण किट बदलायला लागतं, नुसती चेन बदलून चालत नाही. मागच्या ड्रम ब्रेकच्या पाटावर एक बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोचला तर लायनर संपलेत.

किलोमीटरच्या आकड्यावर कधीच विसंबू नका. केबल काढून ठेवली की मीटर थांबतं, आणि जुन्या मीटरचा आकडा एक लाखाला पुन्हा शून्यावर येतो. त्यापेक्षा फूटरेस्टचं रबर, गिअर लिव्हर आणि किल्लीचं भोक बघा. "बावीस हजारच चाललीय" म्हणणाऱ्या गाडीचं फूटरेस्ट लोखंडापर्यंत झिजलेलं असेल तर उत्तर मिळालं.

लाइट, हॉर्न, चारही इंडिकेटर, दोन्ही ब्रेकवर मागचा लाल दिवा बघा. आरटीओच्या तपासणीत हे सगळं चालू लागतं. जुन्या स्प्लेंडरचा हेडलाइट गाडी सावकाश असताना मंद होतो आणि अॅक्सिलेटरला उजळतो. तो बॅटरीवर नाही, इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या मॅग्नेटवर थेट चालतो, तेव्हा तो दोष समजू नका.

८. पुरात बुडालेली गाडी

याला मी वेगळी पायरी देतोय, कारण आपल्याकडे हे खरंच घडतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तिथे आणि चिपळूणला पाणी आलं, तेव्हा कितीतरी दुचाकी दोन-तीन दिवस पाण्याखाली होत्या. त्यांतल्या काही धुऊन, रंगवून दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या गेल्या. विकणारा पुरातून सावरत असतो, त्याला दोष द्यायचा नाही. पण तुम्हाला ते माहीत असायला हवं.

हेडलाइटचे स्क्रू काढून आतल्या वाटीत टॉर्च मारा. पुराचा गाळ तिथे बारीक पिठासारखा चिकटून राहतो आणि धुताना तिथपर्यंत कुणाचा हात जात नाही. मीटरच्या काचेत आतून पाण्याची रेघ दिसते का बघा. सीटखाली वायरिंगचे जोड उघडा. तांब्यावर हिरवट बुरशी असेल तर ती वायरिंग आज ना उद्या दगा देणार. सीटचा फोम दाबून वास घ्या. किनारपट्टीच्या गाड्यांना, रत्नागिरी असो की गोवा, खाऱ्या हवेचा गंज असतो. तो रिमच्या तारांच्या मुळाशी आणि मागच्या फोर्कच्या खालच्या अंगाला आधी दिसतो, वरून गाडी चकाचक असली तरी.

९. चालवून बघा, किमान पाच किलोमीटर

गल्लीतली चक्कर कामाची नाही. मूळ आरसी सोबत घ्या आणि विमा चालू आहे याची खात्री करा. विमा नसताना पकडलं तर पहिल्या वेळी दोन हजार दंड आहे, आणि अपघात झाला तर त्याहून कितीतरी मोठं संकट.

सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये हळू असताना एकदम अॅक्सिलेटर द्या. इंजिन ओरडलं पण गाडीने वेग घेतला नाही तर क्लच प्लेटा घसरतायत. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये जोर द्या. गिअर आपोआप सुटत असेल तर गिअरबॉक्सचं काम, म्हणजे पूर्ण इंजिन खोलणं. मोकळ्या, सुरक्षित ठिकाणी हँडलवरची पकड अगदी सैल करा, हात मात्र सोडू नका. गाडी एका बाजूला ओढते का, हँडल थरथरतं का? मग ब्रेक, आधी मागचा, मग पुढचा, मग दोन्ही.

परत आल्यावर गाडी पाच मिनिटं चालूच ठेवा. गरम इंजिनखालची जमीन बघा, बंद करून पुन्हा सुरू करा. गरम झाल्यावर सुरूच न होणारी गाडी थंड असताना उत्तम वागते.

१०. भाव

दोष लिहिलेला कागद समोर ठेवा. टायर, चेन किट, कोनसेट, शॉकअपचे सील, विमा, नूतनीकरण, नाव ट्रान्सफर, असा एकेकाचा खर्च मिस्त्रीला विचारून लिहा आणि बेरीज मालकाला दाखवा. "गाडीत दम नाही" वगैरे बोलून माणसाला दुखवण्यापेक्षा ही बेरीज जास्त काम करते. त्याने ती गाडी दहा वर्षं जपलेली असू शकते.

विसार द्यायचाच झाला तर हजार-दोन हजार, ऑनलाइन, आणि ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याच खात्यात.

११. पैसे आणि नाव ट्रान्सफर एकाच दिवशी

लागणारे कागद:

- मूळ आरसी
- फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्यांसह. एजंट याला टीटी सेट म्हणतात.
- बोजा असल्यास एनओसी आणि फॉर्म ३५
- चालू विमा आणि पीयूसी
- दोघांची आधार आणि पॅन. पॅन नसेल तर फॉर्म ६०
- तुमच्या पत्त्याचा पुरावा, फोटो, चेसिस प्रिंट

वाहन पोर्टलवर अर्ज भरून शुल्क भरता येतं. ओटीपी विकणाऱ्याच्या मोबाइलवर जातो, म्हणून अर्ज दोघं एकत्र बसूनच भरा. अर्धा तास लागतो. विकणाऱ्याची सही आरसीवरच्या किंवा पॅनवरच्या सहीसारखी आहे ना बघा, नाहीतर अर्ज परत येतो.

कोऱ्या टीटी सेटवर सह्या घेऊन "नंतर करू" म्हणू नका. तोच सेट घेऊन गाडी पुढे तिसऱ्याला विकली जाते आणि साखळी तुटते. विकणाऱ्यालाही हे समजावून सांगा, कारण धोका त्याला जास्त आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येईल, गाडी त्याने कितीही आधी विकलेली असो. कायद्याप्रमाणे त्याच राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

डीलरकडून घेत असाल तर त्याचं आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र मागा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला ते लागतं.

ताबा पावती साध्या कागदावर चालते, पण त्यात गाडी नंबर, चेसिस नंबर, रक्कम, तारीख आणि वेळ लिहा. वेळ नक्की लिहा. सकाळी अकराला ताबा घेतला आणि नऊ वाजताचं चलान निघालं, तर ते कुणाचं हे त्या ओळीवर ठरतं. दोन्ही किल्ल्या मागून घ्या.

१२. पहिले पंधरा दिवस

विमा कंपनीला लगेच कळवा. तृतीयपक्ष विमा गाडीबरोबर तुमच्याकडे येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण हवं असेल तर १४ दिवसांत नाव बदलायचा अर्ज करावा लागतो. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. विमा संपलेला असेल तर ७५ ते १५० सीसीच्या गाडीचा नुसता तृतीयपक्ष विमा २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे वर्षाला ७१४ रुपये अधिक कर असा आहे. एवढ्यासाठी एक दिवसही थांबू नका.

ऑइल, एअर फिल्टर आणि प्लग काहीही न विचारता बदला, ब्रेक उघडून साफ करून घ्या. जुन्या मालकाने परवाच सर्व्हिसिंग केलं असं सांगितलं तरीही.

आणि नवं आरसी स्मार्ट कार्ड पोस्टाने आलं की लिफाफा फोडून तिथेच नाव, पत्ता, चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि बोजाचा रकाना वाचा. माझ्या भावाच्या कार्डावर आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं. त्याच आठवड्यात अर्ज दिला म्हणून ते लगेच दुरुस्त झालं.